हाली आणि कलदार

सिरोंच्याच्या घाटावर उभे राहिले म्हणजे प्राणहितेचे विस्तीर्ण पात्र डोळ्यांत मावत नाही. पलीकडचा काठ आज तेलंगणात मोडतो. १९४८ पूर्वी तेथे निजामाचा अंमल होता. अलीकडचा मुलूख १८६० च्या करारान्वये निजामाकडून इंग्रजांकडे आला. सिरोंचा हे अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले आणि १८७४ साली तो जिल्हा मोडल्यावर चांदा जिल्ह्यातील तहसिलीचे गाव ठरले. नदीने राज्ये विभागली, तशी नाणीही विभागली. अलीकडे इंग्रजांचा यंत्रावर पाडलेला 'कलदार', तर पलीकडे निजामाचा 'हाली शिक्का'. माणसांची सोयरीक मात्र दोन्ही काठांवर होती. म्हणूनच या भागातील जुन्या गाठोड्यांत दोन्ही रुपये शेजारी शेजारी सापडतात.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध माउली अशीच एक पुरचुंडी घेऊन आमच्याकडे आली. नातीच्या शिक्षणासाठी तिने सासूच्या गळ्यातील माळेचे निम्मे रुपये मोडीच्या भावाने विकले होते. उरलेल्यांचे काय करावे, हे विचारण्यास ती आली होती. विकलेली नाणी कोणती होती, हे तिला सांगता येईना आणि आम्हांला कळण्याचा मार्ग उरला नव्हता. त्या दिवसापासून आम्ही ही नाणी लक्षपूर्वक पाहू लागलो. जे ध्यानात आले ते येथे मांडीत आहोत.

पहिली ओळख तराजूची. १९४० पूर्वीच्या कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम असून त्यात शंभरात सुमारे ९२ भाग चांदी असे. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि त्यातील चांदी सुमारे ८२ भाग. म्हणूनच सहा कलदारांस सात हाली हा दर रूढ झाला. सराफाचा बट्टा पुष्कळांना जुलमाचा वाटला असेल; पण या दराचे मूळ धातूतच होते.

दुसरी ओळख अक्षराची. विसाव्या शतकाच्या आरंभापासून हाली रुपयावर चारमिनार आला. त्याच्या मधल्या कमानीत एक फारसी अक्षर असते. 'मीम' असेल तर नाणे मीर महबूब अली खानांचे, 'ऐन' असेल तर मीर उस्मान अली खानांचे. महबूब अली ऑगस्ट १९११ मध्ये, म्हणजे हिजरी १३२९ मध्ये निवर्तले. त्या सनाचे नाणे हाती आल्यास कमानीतील अक्षर आवर्जून पाहावे. उस्मान अलींच्या १३२९ आणि १३३० च्या आरंभीच्या नाण्यांत हा 'ऐन' अर्धाच कोरलेला आढळतो. पुढे तो पूर्ण झाला. नखाएवढ्या जागेतील या फरकावर संग्राहक वेगळी किंमत ठरवितात. नाण्यावरील '९२' हा आकडा मात्र सन नव्हे. अक्षरांच्या अंकमूल्यांनुसार तो 'मुहम्मद' या नामाचा अंक आहे.

योगायोग असा, की त्याच १९११ साली अलीकडच्या काठाच्या रुपयातही असाच बारीक फरक पडला. पंचम जॉर्जच्या झग्यावरील मालिकेत हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड उतरली, की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात क्षोभ उसळला, नाणे मागे घेतले गेले आणि पुष्कळ रुपये वितळविण्यात आले. १९१२ च्या रुपयावर सोंड नीट काढली. म्हणून १९११ चा रुपया आज तुलनेने दुर्मीळ आहे.

वाचकहो, पेटीत अशी नाणी असतील तर ती चिंचेने वा राखेने घासू नयेत. घासलेल्या नाण्याचे मोल उतरते. कडी डाकलेले नाणे संग्राहकास कमी प्रिय असते, तरी ते कोणाच्या तरी गळ्यात होते याची ती खूण आहे. अनोळखी नाणे घेताना वजन आणि कड तपासावी. ओतीव नक्कल बहुधा तेथेच उघडी पडते. नांगराच्या फाळाला पुरलेले धन लागले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाची अशी ठेव जिल्हाधिकाऱ्यांस कळवावी लागते. शंभर वर्षांपूर्वीची नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात; ती परदेशी धाडता येत नाहीत.

त्या माउलीच्या पुरचुंडीत तीन हाली रुपये निघाले. दोहोंत पूर्ण 'ऐन' होता, तिसऱ्यावर अर्धा. तो विकावा की ठेवावा, हा सल्ला आम्ही दिला नाही. गरज तिची होती. पण विकायचा तर मोडीच्या भावाने नव्हे, एवढे बजावले. तिने तो पुन्हा पदरात बांधला. गरिबाघरी इतिहास कागदावर राहत नाही. तो अशा गाठीत राहतो. गाठ सोडण्यापूर्वी तो एकदा वाचावा, एवढेच आमचे मागणे.