ब्रेसेस लावलेल्या दाताची नस जिवंत आहे का, हे कसे तपासतात?

क्रिकेटचा चेंडू समोरच्या दातावर बसला, दात थोडा हलतो आहे आणि त्यावर ब्रेसेस आधीपासूनच आहेत. अशा वेळी दाताची नस जिवंत आहे की मेली, हे ओळखणे डॉक्टरांनाही सोपे नसते. एरवी भरवशाच्या असलेल्या चाचण्या ब्रेसेसच्या दातावर चुकीचे उत्तर देऊ शकतात, आणि रूट कॅनल करायचे की नाही हे बऱ्याच अंशी त्याच उत्तरावर ठरते.

बोलीभाषेत जिला 'नस' म्हणतात, तो खरे तर दाताच्या पोकळीतला मऊ गाभा असतो. डॉक्टर त्याला पल्प म्हणतात. त्यात मज्जातंतू असतात आणि रक्तवाहिन्याही. दात जिवंत राहतो तो रक्तपुरवठ्यामुळे. दवाखान्यातल्या नेहमीच्या चाचण्या मात्र रक्त नव्हे, संवेदना तपासतात. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

या चाचण्या मुख्यतः दोन. पहिली थंडाव्याची. कापसाच्या बोळ्यावर सुमारे उणे २६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होणारा स्प्रे मारून तो दाताला टेकवतात. निरोगी दातात चटकन कळ येते आणि बोळा काढताच काही सेकंदांत जाते. कळ बराच वेळ रेंगाळली, तर आत सूज असल्याची शंका येते. दुसरी चाचणी विजेची. दातावर टोक टेकवून अगदी सौम्य प्रवाह हळूहळू वाढवतात. मुंग्या जाणवल्या की रुग्णाने हात वर करायचा.

ब्रेसेसमुळे विजेची चाचणी दोन उलट दिशांनी फसते. धातूचा ब्रॅकेट आणि तार वीज वाहून नेतात. प्रवाह शेजारच्या दातात किंवा हिरडीत उतरला, तर मेलेला दातही 'जिवंत' वाटतो. दुसरीकडे, तारेच्या ओढीने दाताच्या मुळाशी दाब येतो, तिथल्या मज्जातंतूंवर आणि रक्तप्रवाहावर त्याचा परिणाम होतो. दात सरकत असताना त्याला प्रतिसाद देण्यासाठी नेहमीपेक्षा जास्त प्रवाह लागतो. कधी तो प्रतिसादच देत नाही. म्हणजे धडधाकट दात 'मेलेला' ठरण्याची भीती. त्यातून ब्रेसेस बहुधा शाळकरी वयात लागतात. तेव्हा काही दातांची मुळे पुरती तयार झालेली नसतात आणि अशा दातांत विजेची चाचणी मुळातच कमी भरवशाची असते.

म्हणून या रुग्णांमध्ये थंडाव्याच्या चाचणीवर जास्त भर देतात. विजेची चाचणी करायचीच असेल, तर शक्यतो तार काढून, दात कोरडे करून, दातांच्या फटींत प्लास्टिकची पट्टी सरकवून करतात. टोक ब्रॅकेटला न लावता ब्रॅकेट आणि दाताची कड यांच्यामधल्या जागेवर टेकवतात. शेजारचे आणि दुसऱ्या बाजूचे दातही तपासतात. सगळेच दात मंद असतील, तर कारण तारेचा ताण असू शकतो. एकच दात गप्प असेल, तर संशय त्या दातावर.

तरीही एका चाचणीवर रूट कॅनलचा निर्णय घेत नाहीत. मार लागलेला दात तीन महिन्यांपर्यंतही प्रतिसाद न देता नंतर पूर्ववत होऊ शकतो. दात काळपट पडणे, हिरडीवर पुळी येणे, एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी सावली दिसणे, अशा खुणांची जोड लागते. या खुणा दिसल्या, तर मात्र 'ब्रेसेसमुळे असेल' म्हणून थांबणे महागात पडते.

रक्तप्रवाह थेट मोजण्याचे मार्गही आहेत. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटर त्यातलाच. पण बोटाचा चिमटा दाताला बसत नाही, त्यासाठी वेगळी जोडणी लागते आणि ती साध्या दवाखान्यात सहसा नसते. त्यापेक्षा सोपी गोष्ट म्हणजे ब्रेसेस लावण्याआधीच दातांची थंडाव्याची चाचणी करून नोंद ठेवणे, विशेषतः दाताला पूर्वी कधी मार लागला असेल तर. पुढे शंका आली, तर तुलनेला काहीतरी हाताशी असते.