सूचिचिकित्सा : वैज्ञानिक संशोधन

शरीरावरील विशिष्ट बिंदूंच्या ठिकाणी बारीक सुया टोचून वेदनाशमन व रोगोपचार करण्याची प्राचीन चिनी पद्धती. तिला ‘ॲक्युपंक्चर’ असेही म्हणतात. शरीरात ‘छी’ नावाची जीवनशक्ती ठराविक मार्गांनी वाहते व तिचा प्रवाह अडला म्हणजे रोग उद्‌भवतो, ही तिची पारंपरिक उपपत्ती होय. शरीररचनाशास्त्राला असे मार्ग आढळलेले नाहीत. त्यामुळे सुया टोचल्याने गुण येत असेल, तर तो कशामुळे, हा आधुनिक संशोधनाचा मूळ प्रश्न ठरला.

शांघायमध्ये १९५८ साली टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत वेदनाशमनासाठी सुयांचा उपयोग करण्यात आला. जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकारांवर जुलै १९७१ मध्ये पीकिंग येथे आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ती नेहमीची बधिरीकरणाची औषधे देऊनच करण्यात आली होती. सुया टोचल्या गेल्या त्या नंतरच्या पोटदुखीसाठी. तथापि त्यांच्या वृत्तांतामुळे पाश्चात्त्य देशांत या पद्धतीविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले.

रॉनल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांतानुसार जाड तंत्रिका तंतूंतून (मज्जातंतूंतून) येणारे संदेश मेरुरज्जूतच वेदनेच्या संदेशांना अडवू शकतात. सूचिचिकित्सेचे स्पष्टीकरण देण्यासाठी प्रथम याच सिद्धांताचा आधार घेण्यात आला. पुढे हान जी-शंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीकिंगमध्ये एक प्रयोग केला. उपचार केलेल्या सशांचा मस्तिष्क-मेरुद्रव इतर सशांच्या मेंदूत सोडला असता त्यांचीही वेदनासहनक्षमता वाढली. यावरून या क्रियेत रासायनिक द्रव्यांचा भाग असावा, असे अनुमान निघाले. १९७५ साली मेंदूतील एन्केफॅलीन या अफूसदृश द्रव्याचा शोध लागला. डेव्हिड मेयर व इतरांनी १९७७ मध्ये असे दाखविले की, अफूजन्य द्रव्यांची क्रिया रोखणारे नॅलोक्सोन हे औषध दिल्यास सुयांमुळे झालेले वेदनाशमनही नाहीसे होते. २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगांत टोचलेल्या जागी ॲडेनोसीन हे वेदनाशामक द्रव्य वाढत असल्याचे दिसून आले.

सुईचा शरीरावर परिणाम होतो, हे यावरून स्पष्ट झाले. परंतु बिंदूंचे पारंपरिक स्थान महत्त्वाचे आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर पारंपरिक बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के, अन्य ठिकाणी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के व नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना उल्लेखनीय आराम पडला. पहिल्या दोन गटांतील फरक अगदी अल्प होता. म्हणजेच आराम खरा असला, तरी त्याचे बरेचसे श्रेय टोचण्याची क्रिया, रुग्णाची अपेक्षा व चिकित्सकाचा सहवास यांना द्यावे लागते. एखाद्या उपचाराने गुण येणे आणि त्यामागील उपपत्ती खरी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या संशोधनाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.