मुलाचे मन आणि उपचाराच्या पायऱ्या

मुलाला ताप आला तर कोणत्या दारी जावे, हे यावलच्या कोणत्याही आईबापाला सांगावे लागत नाही. एक दिवस घरचा काढा, दुसऱ्या दिवशी गावातला डॉक्टर, त्यानेही भागले नाही तर ग्रामीण रुग्णालय आणि शेवटी जळगाव. ह्या पायऱ्या आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. परंतु तेच मूल अबोल झाले, शाळेचे नाव काढताच कापू लागले किंवा स्वतःला इजा करू लागले, तर आपली मती गुंग होते. मग 'मोठे झाले की सुधारेल' म्हणून आपण स्वस्थ तरी बसतो, नाही तर एकदम वेड्यांच्या इस्पितळाची धास्ती घेतो. ह्या गोंधळाचे मूळ इतिहासात आहे, असे आम्हांस वाटते.

एकोणिसाव्या शतकात अशा मुलासमोर घर सोडले तर दोनच दारे होती. एक वेड्यांच्या इस्पितळाचे. नागपूरचे इस्पितळ १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे, आणि येरवड्याचे त्यानंतरचे. ह्या चारांपैकी एकही खानदेशात नव्हते. ती बांधली गेली मोठ्या माणसांसाठी, आणि १९१२ च्या कायद्याने तेथे दाखल करण्याची मुख्य वाट मॅजिस्ट्रेटच्या हुकुमातून जात असे. दुसरे दार सुधारगृहाचे. मुंबईची डेव्हिड ससून संस्था १८५७ पासून वाट चुकलेल्या मुलांना सांभाळीत होती. म्हणजे मूल वेडे ठरले तर एकीकडे, गुन्हेगार ठरले तर दुसरीकडे. जे ह्या दोन्हींत बसत नव्हते त्याला 'बाहेरचे झाले' म्हणून भगताकडे नेत, किंवा मठ्ठ म्हणून शाळेतून काढीत.

मधल्या पायरीची कल्पना प्रथम अमेरिकेत निघाली. शिकागो येथे १८९९ मध्ये मुलांसाठी निराळे न्यायालय झाले, आणि १९०९ मध्ये विल्यम हीली ह्या डॉक्टराने तेथे येणाऱ्या मुलांच्या मनाची पद्धतशीर तपासणी सुरू केली. 'ह्याने काय केले' ह्याबरोबरच 'ह्याने असे का केले' हाही प्रश्न विचारला जाऊ लागला.

आपल्याकडे ही विचारसरणी पोहोचायला फार काळ लागला नाही. मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये मुलांचा कायदा झाला, १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. आपल्याच तालुक्यात, फैजपूरला, १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय उघडले, आणि १९३७ मध्ये त्या विद्यालयाने देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. अशा केंद्रांची रीत अशी की, डॉक्टर मुलाला तपासी, मानसशास्त्रज्ञ त्याची बुद्धी व स्वभाव पाही, आणि समाजसेवक आईबापांशी व शिक्षकांशी बोले. तिघांच्या विचाराने उपाय ठरे आणि मूल आपल्या घरी परत जाई. घरात राहूनच उपचार, हे ह्या केंद्रांचे खरे देणे होय.

ह्याच्याही खालची एक पायरी आहे, आणि तिचे उदाहरण खानदेशानेच दिले आहे. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालय सांभाळीत होते. घरापासून दूर आलेल्या मुलांचे आजारपण आणि रुसवेफुगवे त्यांनी आईच्या मायेने पाहिले. पुष्कळ मुलांना ह्याहून अधिक काही लागतही नाही. परंतु एवढेही न मिळाले तर लहानसे दुःख मोठे होते.

स्वातंत्र्यानंतर मधल्या पायऱ्या हळूहळू गावाकडे सरकल्या. १९७५ मध्ये अंगणवाडीची योजना सुरू झाली. १९८२ मध्ये राष्ट्रीय आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यातील वैद्यकीय पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासावीत, अशी योजना आहे. वाढीत मागे पडलेले मूल ह्यातूनच लवकर लक्षात येते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनीने मराठीतूनही सल्ला मिळतो.

मग आपल्या मुलासाठी कोणती पायरी? तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. हे किती दिवस चालले आहे? ते एकाच जागी दिसते, की घरी, शाळेत, खेळात सर्वत्र? आणि जिवाला धोका आहे काय? चार दिवसांचा हट्ट किंवा नव्या शाळेची भीती घरातल्या व शिक्षकांच्या समजूतदारपणाने निवळते. आठवड्यामागून आठवडे गेले, झोप व भूक हरवली, अभ्यास व सोबती दोन्ही सुटले, तर ग्रामीण रुग्णालय आणि तेथून जिल्ह्याचे मानसोपचारतज्ज्ञ. आकडी येत असेल तर ती भूतबाधा नव्हे, मेंदूचा आजार आहे; तेथे डॉक्टरच हवा. आणि मूल मरणाची भाषा बोलू लागले किंवा त्याने तसा प्रयत्न केला, तर पायऱ्या मोजीत बसू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शेवटच्या पायरीचे भयही आता पूर्वीइतके बाळगण्याचे कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येते. दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते, मोठ्या रुग्णांपासून त्याला निराळे ठेवावे लागते, पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने त्याच्याजवळ राहावे लागते, आणि बहात्तर तासांच्या आत मंडळाला कळवावे लागते. जुन्या इस्पितळाच्या दारात सुटलेला आईचा हात नव्या कायद्याने मुलाच्या हाती परत दिला आहे.

अडचण उरते ती वाटेची. केळीच्या बागेत रोजंदारी करणाऱ्या आईला जळगावची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. सातपुड्यातल्या पाड्यावरचे मूल आश्रमशाळेत रात्री उशीत तोंड खुपसून रडते, तेव्हा त्याचे आईबाप डोंगरापलीकडे असतात. त्याला पाहणारा पहिला माणूस शिक्षक किंवा अधीक्षकच असायचा. कायदा आणि योजना वरच्या पायऱ्या बांधतील. पहिली पायरी मात्र घरात, वर्गात आणि वसतिगृहातच बांधावी लागते, आणि ती बांधणे आपल्या हातचे आहे. रडणारे मूल दिसले की त्याला 'गप्प बस' म्हणण्याआधी 'काय झाले, बाळा' असे विचारावे. वरची सारी वाट तेथूनच सुरू होते.