चार वाजून सहा मिनिटं

12 एप्रिल 1944. ‘फोर्ट स्टिकीन’ मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागली. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, सोन्याच्या 31 पेट्या आणि कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठी. असा माल बाहेर पाण्यातच पडावांत उतरवायचा असतो. युद्धाच्या घाईत बोट आत घेतली. धोक्याचा लाल बावटा चढला नाही.

सरकारला धास्ती होती ती घातपाताची. जपानी इम्फाळपर्यंत आले होते. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज पुरवणारे मनोरे पाडले, त्याला दोन वर्षंही झाली नव्हती.

14 एप्रिल, शुक्रवार, दुपारी साडेबारा. कामगारांची जेवणाची सुट्टी. शेजारच्या बोटीवरच्या काहींना ‘स्टिकीन’च्या हवानळीतून धूर येताना दिसला. कुणी काही बोललं नाही.

पावणेदोन. परतलेल्या कामगारांनी ओरड केली : दोन नंबरच्या कप्प्यात आग.

2 वाजून 16 मिनिटं. स्फोटकांची बोट पेटली आहे, हे नियंत्रण कक्षाला फोनवर कळवायचं होतं. फोनला तबकडीच नव्हती. निरोप्यानं आगसूचक पेटीची काच फोडली. पेटीवरून फक्त आग लागल्याचं कळतं, काय पेटलंय ते कळत नाही. दोनच बंब निघाले.

तिसरा प्रहर. माझ्या मते सगळं हातातून गेलं ते इथे. दारूगोळा खात्याचे कॅप्टन ओबर्स्ट यांनी मालाची यादी पाहून बजावलं, अख्खी गोदी उडेल. गोदीप्रमुख कर्नल सॅडलर म्हणत होते, बोट समुद्रात न्या. अग्निशमनप्रमुख कूम्ब्स यांना पाण्याचा मारा वाढवला की भागेल असं वाटत होतं. बोट जागीच बुडवावी, तर तिच्याखाली तेवढं पाणी नव्हतं. ठाम हुकूम कुणीच दिला नाही.

कप्प्यात सुमारे 900 टन पाणी ओतलं गेलं. पाणी चढलं तसा जळता कापूस तरंगत वर आला. वरच्या मजल्यावर स्फोटकं होती. बाहेरून पत्रा इतका तापला की रंगाला फोड आले. गॅसच्या ज्योतीनं तिथे भोक पाडायचा प्रयत्न झाला, जमलं नाही. बावटा नसल्यानं शेजारच्या बोटींवर माल चढत-उतरत होता.

3 वाजून 50 मिनिटं. ज्वाळा उसळल्या. बोट सोडण्याचा हुकूम झाला. मागे कुणी राहिलं का, हे पाहायला कप्तान नेस्मिथ पुन्हा वर गेले.

4 वाजून 6 मिनिटं. पहिला स्फोट. ‘जलपद्मा’ ही आगबोट उचलली जाऊन गोदामाच्या छपरावर पडली. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा उमटला.

साडेचारनंतर दुसरा, त्याहून मोठा.

66 अग्निशामक मेले. एकूण मृतांचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत जातात. गावभर एकच आवई उठली : जपान्यांनी हल्ला केला. मुख्य न्यायमूर्ती लिओनार्ड स्टोन यांच्या चौकशीत घातपात आढळला नाही. बहुधा कुणीतरी टाकलेली सिगारेट, असा निष्कर्ष निघाला.

जपान्यांच्या सायगाव रेडिओनं 15 एप्रिललाच तपशीलवार बातमी दिली. इथल्या वार्ताहरांना ती पाठवण्याची परवानगी मिळाली मेच्या दुसऱ्या आठवड्यात.