माचनूरचा शंभर वॅटचा आवाज

आम्हा हैदराबादकर मराठी मंडळींच्या घरात रेडिओचा विषय निघाला की वडीलधारी माणसे डेक्कन रेडिओवर येतात. निजामाच्या काळातले ते केंद्र १९५० मध्ये आकाशवाणीत विलीन झाले. त्याचा थाट दरबारी होता. येथे सांगायची हकीकत मात्र अगदी दुसऱ्या टोकाची आहे, आणि ती घडली आपल्या नेहमीच्या वाटेवर. सोलापूरला जाताना जहीराबाद लागते. झरासंगमच्या केतकी संगमेश्वराच्या दर्शनालाही आपल्यातली कितीतरी कुटुंबे जातात. त्याच परिसरात माचनूर नावाचे खेडे आहे. भारतातील ग्रामीण भागातले पहिले सामुदायिक रेडिओ केंद्र म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते ‘संघम रेडिओ’ येथले.

या भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून काम करते. गावोगावच्या गरीब, बहुतेक दलित शेतकरी बायकांचे तिने ‘संघम’ उभे केले, म्हणजे आपल्याकडचे महिला मंडळच म्हणा. ज्वारी, बाजरी, कडधान्ये, घरात राखलेले बियाणे हे त्यांचे विषय. आपल्या बोलीत, आपल्या कामाचे बोलणारा रेडिओ असावा, असे या बायकांना वाटू लागले. युनेस्कोच्या मदतीने १९९८ मध्ये माचनूरला स्टुडिओ उभा राहिला. ध्वनिमुद्रणाची यंत्रे आली, ती चालवायला गावातल्याच दोन तरुणी शिकल्या. योगायोगाने दोघींचेही नाव नरसम्मा. सगळे तयार होते, परवाना तेवढा नव्हता.

खरे तर वाट १९९५ मध्येच मोकळी व्हायला हवी होती. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून सुरू झालेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी फेब्रुवारीत निकाल दिला, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. परंतु निकाल आणि नियम यांच्यामध्ये फाईल असते, आणि फाईल किती वेळ घेते हे आम्हा सरकारी नोकरांना कोणी सांगायला नको. २००२ च्या धोरणाने दार किलकिले केले ते फक्त शिक्षणसंस्थांसाठी. त्यातून २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. स्वयंसेवी संस्थांना मुभा मिळाली ती नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने.

मधली ही वर्षे माचनूरच्या बायकांनी कशी काढली, हा आमच्या मते या इतिहासातला सर्वांत वाचनीय भाग. त्या कार्यक्रम करीतच राहिल्या. पेरणीची गाणी, बियाण्यांची माहिती, औषधी झाडपाला, गावातल्या अडचणींवरच्या चर्चा, सगळे कॅसेटवर उतरत होते. आकाशातून पाठवता येत नाही, मग कॅसेट हातोहात गावात न्यायची आणि संघमच्या बैठकीत टेपरेकॉर्डरवर लावायची. ज्या म्हातारीचे गाणे त्यात असेल, तिच्या गल्लीतल्या माणसांना ऐकायला या म्हणून वेगळे सांगावे लागते काय? आपल्याच मंडपात आपल्या पोराचे नाटुकले असले की खुर्च्या कशा भरतात, ते आपण दरवर्षी पाहतो. मोठी खाजगी वाहिनी शहरात येते तेव्हा चौकाचौकांत फलक लागतात. येथे केंद्र सुरू होण्याच्या दहा वर्षे आधीच श्रोते जमले होते, आणि खर्च काय तर कॅसेटचा.

अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी, जागतिक ग्रामीण महिला दिनी, ९०.४ मेगाहर्ट्झवर संघम रेडिओ सुरू झाला. उद्घाटनाला आले होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत, म्हणजे १९९५ चा तो निकाल देणाऱ्या पीठातले न्यायाधीश. हे मराठी गृहस्थ होते याचा आम्हाला अभिमान वाटतो, तो लपवण्याचे कारण नाही.

केंद्राची ताकद किती, तर नियमाने मिळते ती जास्तीत जास्त शंभर वॅट. पोच साधारण पंचवीस किलोमीटरची. प्रक्षेपण संध्याकाळी, शेतातून बायका परतल्यावर. जाहिरातींना त्या वेळी तासाला पाचच मिनिटे परवानगी होती (२०२४ पासून ती बारा झाली आहेत), आणि ज्वारी-बाजरीच्या गावात जाहिरात देणारे तरी किती असणार! भाषा छापील तेलुगू नव्हे, तिथली तेलंगणी बोली. हैदराबादी मराठीला पुण्याच्या पाहुण्यांनी हसताना ज्यांनी ऐकले आहे, त्यांना याचे मोल समजेल.

आपल्या सातारा जिल्ह्यात, म्हसवडला, साधारण याच सुमारास ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. तीही बायकांच्याच संस्थेची, दुष्काळी मुलखातली, आणि तिथेही बोली माणदेशीच. हिची हकीकत स्वतंत्र लेखाची आहे.

जहीराबादकडे संस्थेची आणखी एक रीत आहे. संक्रांतीला सजवलेल्या बैलगाड्यांत जुन्या वाणांचे बियाणे भरून निघायचे आणि साधारण महिनाभर गावोगाव फिरायचे. गाड्या वेशीवर आल्या की गावच्या बायका ओवाळायला येतात, गाणी होतात, बियाण्यांवर बोलणे होते. जानेवारीत त्या बाजूला जाणे झाले, तर महामार्ग सोडून थोडे आत वळावे.