शिक्षेच्या फेरसुनावणीत आरोपीची हजेरी

आरोपीला दोषी ठरविणे आणि त्याला शिक्षा सुनावणे या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत, हे आपल्या फौजदारी कायद्याने तसे उशिराच मान्य केले. १८९८ च्या संहितेनुसार सत्र न्यायालयात दोषी ठरलेल्या आरोपीला शिक्षेबाबत काही सांगण्याची वेगळी संधी नव्हती. विधी आयोगाच्या ४८ व्या अहवालातील शिफारशीनंतर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २३५ (२) आले. दोषी ठरविल्यानंतर न्यायाधीशांनी शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचे म्हणणे ऐकावे आणि मगच शिक्षा द्यावी, असे हे कलम सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम २५८ (२) मध्ये आहे.

ही संधी नाकारली गेली तर काय, हा प्रश्न १९७६ मध्ये संता सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर आला. खुनाच्या आरोपात दोषी ठरवून त्याच निकालपत्रात फाशी सुनावण्यात आली होती. न्या. भगवती व न्या. फजल अली यांनी दोषसिद्धीला हात न लावता शिक्षा रद्द केली आणि फेरसुनावणीसाठी प्रकरण सत्र न्यायालयाकडे परत पाठविले. 'ऐकणे' म्हणजे केवळ तोंडी विनवणी नव्हे. वय, शिक्षण, कौटुंबिक स्थिती, सुधारणेची शक्यता यांविषयीची कागदपत्रे व पुरावा मांडू देणेही त्यात येते, असा अर्थ या निकालाने लावला.

पुढच्याच वर्षी परभणी जिल्ह्यातील मानवत हत्याकांडाच्या अपिलात, दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने, या नियमाला मुरड घातली. दर वेळी प्रकरण खाली पाठविण्याची गरज नाही. वरिष्ठ न्यायालय स्वतःच पुरेशी संधी देऊन ही उणीव भरून काढू शकते, असे न्यायालयाने म्हटले. सोय म्हणून हे ठीकच. पण खटल्याच्या न्यायालयात आरोपी समोर उभा असतो, अपिलात बहुधा फक्त वकील. हा फरक लहान नाही.

शिक्षा वाढविण्याच्या अपिलात आरोपीला बाजू मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे (जुने कलम ३७७, नवे ४१८). त्या वेळी तो दोषमुक्तीची मागणीही करू शकतो. पुनरीक्षणात मात्र 'स्वतः किंवा वकिलामार्फत' इतकेच कायदा म्हणतो. म्हणजे ऐकले जाण्याचा हक्क पक्का, प्रत्यक्ष हजर राहण्याचा तितका पक्का नाही. निकाल ऐकण्यासाठी कोठडीतील आरोपीला आणलेच पाहिजे, असे जुन्या संहितेचे कलम ३५३ सांगत असे. नव्या संहितेच्या कलम ३९२ ने त्याला दृक्‌श्राव्य माध्यमाचा पर्याय जोडला. तुरुंगातील पडद्यासमोर बसलेला आरोपी आणि न्यायालयातील त्याचा वकील यांच्यात खासगी बोलणे कसे व्हायचे, याचे उत्तर कलमात नाही.

दोषसिद्धी आणि शिक्षा एकाच दिवशी द्यावी का, यावरही मतभेद राहिले. अल्लाउद्दीन मियाँ (१९८९) निकालात सुनावणी सर्वसाधारणपणे पुढच्या तारखेला ठेवण्यास सांगितले गेले. परंतु त्याच दिवशी दिलेल्या शिक्षाही अनेकदा वैध ठरल्या. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यात आला. त्याच वर्षीच्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालाने फाशीच्या प्रकरणांत आरोपीचा मानसिक मूल्यमापन अहवाल व तुरुंगातील वर्तनाचा अहवाल मागविणे आवश्यक ठरविले.

या निकषांचा लाभ जुन्या प्रकरणांना मिळतो का? ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने होकारार्थी उत्तर दिले. चार वर्षांच्या बालिकेवरील अत्याचार व हत्येच्या या २००८ मधील गुन्ह्यात फाशी कायम झाली होती, पुनर्विचार याचिका २०१७ मध्ये फेटाळली गेली होती, दयेचा अर्जही नामंजूर झाला होता. तरीही अनुच्छेद ३२ खाली, दोषसिद्धी तशीच ठेवून, शिक्षेपुरते प्रकरण नव्याने ऐकण्यासाठी खुले करण्यात आले.