गाण्यांची नावे कोणाच्या मालकीची? सीडीडीबीचे प्रकरण

१/ १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर संगीत होते, पण गाण्यांची नावे नव्हती. ती वेष्टनावर छापलेली असत. पुढे सीडी संगणकात घातली, की पडद्यावर नुसते ‘ट्रॅक १, ट्रॅक २’ एवढेच उमटे. ही उणीव भरून काढली ती सामान्य श्रोत्यांनी.

२/ टी कान यांच्या ‘एक्सएमसीडी’ या सीडी वाजवणाऱ्या प्रोग्रामसोबत १९९०च्या दशकात सीडीडीबी हा माहितीसाठा उभा राहिला. स्टीव्ह शर्फ यांच्या साहाय्याने तो इंटरनेटवर आला. गाण्यांची संख्या आणि प्रत्येक गाणे कोठे सुरू होते, यांवरून डिस्कचा ओळखक्रमांक निघे. त्यापुढे नावे नोंदवली जात.

३/ एकाने नावे टंकित करून पाठवली, की तीच डिस्क लावणाऱ्या जगातील प्रत्येकाला ती आयती मिळत. या श्रमाला मोबदला नव्हता. साठा सर्वांचा आहे, या विश्वासावर तो वाढत गेला.

४/ १९९८ मध्ये एस्सिएंट या कंपनीने सीडीडीबी विकत घेतली. लवकरच प्रोग्रामकर्त्यांवर नव्या अटी आल्या : आमचे बोधचिन्ह दाखवा, तत्सम दुसरी सेवा वापरू नका. २००० मध्ये कंपनीचे नाव ‘ग्रेसनोट’ झाले. २००८ मध्ये सोनीने ती सुमारे २६ कोटी डॉलरना घेतली.

५/ कंपनीचीही बाजू होती. सर्व्हर फुकट चालत नाहीत. परंतु नोंदी करणाऱ्यांना व्यवहारात ना वाटा होता, ना मत.

६/ त्यांच्या हाती एकच गोष्ट उरली : पूर्वी मुक्तपणे वाटल्या गेलेल्या नोंदींची प्रत. तिच्यावर ‘फ्रीडीबी’ उभी राहिली. रॉबर्ट केय यांनी मात्र ‘म्युझिकब्रेन्झ’ नव्याने आरंभले. २००४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था स्थापन झाली आणि मूळ माहिती सार्वजनिक मालकीची ठरली.

७/ म्हणून कंपन्यांना दारे बंद झाली नाहीत. बीबीसीने २००७ मध्ये म्युझिकब्रेन्झशी करार केला. कंपन्या पैसे मोजतात ते ताज्या नोंदी सतत मिळत राहण्याच्या सेवेसाठी. माहिती सर्वांचीच राहते.

८/ दोन्ही ठिकाणी श्रम तेच, श्रोतेही तसेच. फरक पडला तो अटी आधी लिहून ठेवल्याने. समुदाय आणि कंपनी यांच्या कोणत्याही सहकार्याचा इतिहास वाचताना म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारावा : मालक बदलला, तर समुदायाला आपल्या कामाची प्रत घेऊन बाहेर पडता येत होते काय?